अडतीस वॅट

डिसेंबरात आमच्या गावाचा सूर्य
पावणेपाचलाच दुकान बंद करतो.
त्या मिनिटाला मला कळ फिरवावी लागते :
पाच हजारांवरून थेट अडतीस वॅट.
अडतीस वॅट म्हणजे फ्रिज उघडल्यावर
दुधाच्या बाटलीवर पडतो तेवढा उजेड.
त्यात नॉर्थ डकोटाची एक अख्खी काउंटी भागवायची.

नियम आहे, आणि नियम खोटा नाही.
दिवसा वरची हवा आमच्या लहरी गिळून टाकते,
जमिनीला धरून सरपटत जाईल तेवढंच आमचं.
सूर्य बुडाला की ती भूक मरते,
आभाळाचा पत्रा होतो,
आणि त्यावर आपटून ज्याचा त्याचा आवाज
भलत्याच्याच परसात जाऊन पडतो.
आमच्याच आकड्यावर मग
मेक्सिकोकडून एक बाई गात येते,
विनिपेगची हॉकी येते घसरत,
आणि कुठलासा एक पाद्री,
ज्याला नरकाची फारच घाई.

चौदा मैलांवर राहते इंगा ब्रेक्के.
दर हिवाळ्यात तिचा फोन :
"ऑरलिन, निधनवार्तांत आज पुन्हा पाद्री घुसला.
मेलं कोण, ते कळलंच नाही."
मी काय सांगणार?
मनोऱ्याखाली मातीत पुरलेल्या
तांब्याच्या एकशे वीस तारा मी मोजून दाखवू शकतो,
तिच्या स्वयंपाकघरापर्यंत
त्यातली एकही जात नाही.

तिचा धाकटा, सोरेन, शाळेच्या बास्केटबॉल संघात.
सामने लांबच्या गावांत, रस्ते काचेचे.
म्हणून ती पिकअप काढते
आणि गावाबाहेर दफनभूमीच्या चढावर येऊन थांबते.
तिथवर पोचतात आमचे अडतीस.
आणखी तीन-चार गाड्या असतात,
दिवे विझलेले, हीटर घरघरणारे.
खाली कुणी उतरत नाही.
बास्केट पडली की एक हॉर्न वाजतो,
तेवढीच ओळखदेख.

एका रात्री उणे एकतीस होतं.
चौथा क्वार्टर, दोन गुणांचा फरक.
मला वाटलं, आज तरी तिला
चुलीपाशी बसून ऐकू दे.
कळ फिरवली.
आठ मिनिटं, पाच हजार.
काचेपल्याड मनोऱ्यावरचा तांबडा दिवा
होता तसाच मिचमिचत राहिला.
रजिस्टरात लिहिलं : ३८.
अक्षर जरा जास्तच नीट आलं.

मार्चमध्ये पाकीट आलं, फिनलंडचा शिक्का.
रेयो काल्लुंकी नावाच्या माणसानं
लॅपलँडच्या जंगलात किलोमीटरभर तार ताणली होती
आणि पहाटे चार वाजून सहा मिनिटांनी,
कानावर टोपी, टोपीवर हेडफोन,
त्याला ऐकू आलं होतं :
"ब्रेक्के... फ्री थ्रो... गेला आत!"
मग खरखर, मग गव्हाच्या बियाण्याची जाहिरात.
फार अदबीनं विचारलं होतं :
हे तुम्हीच होता का?
असाल तर कार्डावर सही करून पाठवाल?
परतीची तिकिटं सोबत.

तीन दिवस पाकीट खणात ठेवलं.
चौथ्या दिवशी लिहिलं : होय, आम्हीच.
खाली सही, तारीख, वेळ.
माझ्या गुन्ह्याचा एकमेव कबुलीजबाब
आता ध्रुवाजवळच्या कुणाच्या तरी भिंतीवर आहे.

इंगा पोस्टातच भेटली, तिकिटं चिकटवताना.
सहज विचारावं तसं विचारलं :
त्या थंडीच्या रात्री शेवटचा क्वार्टर
घरी कसा ऐकू आला?
"घरी? मी चढावर होते.
नेहमीसारखंच, स्वच्छ."
मग हातमोजा चढवता चढवता म्हणाली,
"घरचा रेडिओ मात्र चालूच ठेवते, कुत्र्यासाठी.
त्या रात्री परत आले तर
बेटा दाराकडे नाही, रेडिओकडे तोंड करून बसलेला.
एरवी पाद्री लागला की उठून जातो."

आज सूर्यास्त सहा एकावन्नला.
सहा पन्नासला मी कळीवर हात ठेवून उभा आहे.